वर्तमान यथास्थित असे : मिरजेचे पटवर्धन दप्तर आणि हस्तलिखित बातमीचा व्यवहार

प्रस्तावना

मराठी वृत्तपत्रांचा इतिहास लिहिताना त्याचा आरंभ ६ जानेवारी १८३२ या दिवसापासून, म्हणजे बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'च्या पहिल्या अंकापासून, करण्याचा प्रघात आहे. छापील नियतकालिकांचा इतिहास म्हणून तो यथार्थ आहे. परंतु बातमीचा इतिहास म्हणून तो अपुरा आहे. बातमी ही छापखान्याबरोबर महाराष्ट्रात आलेली वस्तू नव्हे. अठराव्या शतकात पुणे, हैदराबाद, श्रीरंगपट्टण, दिल्ली आणि मुंबई येथील घडामोडी काही दिवसांच्या वा आठवड्यांच्या अंतराने मिरज, तासगाव यांसारख्या ठिकाणी नियमाने वाचल्या जात होत्या. त्या बोरूने, मोडी लिपीत, हातकागदावर लिहिलेल्या असत. त्या लेखनात बातमीला 'वर्तमान' हा शब्द रूढ होता. 'इकडील वर्तमान', 'लष्करचे वर्तमान', 'पुण्याचे वर्तमान' असे प्रयोग त्या काळच्या पत्रांत पानोपानी आढळतात. पुढे छापील पत्राला 'वर्तमानपत्र' हे नाव मिळाले, तेव्हा वस्तू नवी होती. शब्द मात्र जुन्या पत्रव्यवहारात मुरलेला होता.

प्रस्तुत लेखात मिरजकर पटवर्धनांच्या दप्तरातील पत्रांचा विचार या दृष्टीने केला आहे. ही पत्रे इतिहासाचे साधन म्हणून मान्यता पावून शंभराहून अधिक वर्षे लोटली. 'साधन' म्हणून वाचताना अभ्यासक त्यांतून घटना, तिथी आणि व्यक्ती वेचून घेतो व उरलेला मजकूर बाजूला ठेवतो. वस्तुतः हे कागद लिहिले गेले तेव्हा ते पुरावा नव्हते, बातमी होते. ते कोणी, कोणासाठी, कशाच्या भरवशावर लिहिले, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्यांतील विधानांचे मोल ठरविता येत नाही. याच काळात वा त्याच्या थोडे आधी युरोपात हस्तलिखित बातमीपत्रांचा मोठा व्यवहार चालू होता व त्याचा अभ्यास अलीकडच्या काळात बारकाईने झालेला आहे. तो शेजारी ठेवला असता मिरजेच्या कागदांतील काही गोष्टी अधिक स्पष्ट दिसतात.

युरोपातील हाताने लिहिलेल्या बातम्या

सोळाव्या शतकाच्या मध्यापासून व्हेनिस व रोम या दोन नगरांत बातम्या लिहून विकण्याचा धंदा उभा राहिला. या पत्रांना 'अव्विझी' म्हणत. अव्विझो म्हणजे सूचना, खबर. त्यांची घडण साधी होती. आरंभी गावाचे नाव व तारीख, त्याखाली त्या गावाहून आलेल्या बातम्यांचे लहान लहान परिच्छेद, मग दुसरे गाव, दुसरी तारीख. लेखकाचे नाव नसे, सही नसे आणि पुष्कळदा वाचणाऱ्याचेही नाव नसे. एकाच मजकुराच्या अनेक प्रती काढून त्या वर्गणीदारांना धाडल्या जात. राजे, धर्माधिकारी व सावकार हे त्यांचे गिऱ्हाईक. आउग्सबुर्गच्या फुगर या प्रसिद्ध सावकार घराण्यातील दोघा बंधूंनी १५६८ ते १६०५ या काळात जमविलेली अशी पत्रे २७ बाडांत आजही व्हिएन्ना येथील ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जतन केलेली आहेत.

या धंद्याला आकार दिला तो टपालाने. ठरलेल्या वारी निघणारी टपालाची फेरी सुरू झाल्यावर बातमीही ठरलेल्या वारी निघू लागली. सांगण्यासारखे काही असो वा नसो, टपाल निघण्यापूर्वी कागद भरावा लागे. नियतकालिकाचे 'नियतकालिकत्व' छापखान्यातून नव्हे, तर या टपालातून आले आहे. राज्यकर्त्यांना ही पत्रे हवीहवीशी वाटत आणि नकोशीही. १५७२ मध्ये पोपने अशा लेखकांविरुद्ध कडक आज्ञापत्र काढले. धंदा मात्र थांबला नाही. १६०५ मध्ये स्ट्रासबुर्गच्या योहान कारोलुस या गृहस्थाने नगरसभेकडे केलेला अर्ज या संदर्भात मोठा बोलका आहे. तो आधी बातम्या हाताने लिहवून श्रीमंत वर्गणीदारांना पुरवीत असे. नक्कल करण्यात वेळ फार जातो म्हणून त्याने त्या छापण्यास सुरुवात केली होती. युरोपातील पहिले छापील वृत्तपत्र म्हणून ज्याचा उल्लेख होतो, ते मुळात नक्कलनविसाचे श्रम वाचविण्यासाठी निघाले. तरीही हस्तलिखित पत्रे बंद पडली नाहीत. छापील पत्रावर नियंत्रण घालणे सोपे होते, हातच्या लिखाणावर अवघड. शिवाय जे सर्वांना मिळते त्याची किंमत दरबारी वाचकाच्या लेखी कमीच. त्यामुळे दोन्ही प्रकार अठराव्या शतकापर्यंत शेजारी शेजारी नांदले.

मिरजेत कागद कसे जमले

पटवर्धन घराणे मूळचे कोकणातील कोतवड्याचे. हरभट पटवर्धनांचे पुत्र गोविंद हरी यांना पेशव्यांकडून १७६१ च्या सुमारास मिरज मिळाले. कृष्णेपलीकडील मुलूख, त्याच्या दक्षिणेस हैदरअली, शेजारी करवीर आणि पूर्वेस निजाम, अशा मोक्याच्या जागी हे सरदार बसविले गेले होते. गोविंद हरी यांचे पुत्र गोपाळराव, वामनराव, पांडुरंगराव व गंगाधरराव आणि पुतणे परशुराम रामचंद्र, म्हणजेच तासगावकर परशुरामभाऊ, यांचे आयुष्य बव्हंशी स्वाऱ्यांत गेले. वडीलधारे मिरजेत, तरुण मंडळी लष्करात आणि घराण्याचे वकील व कारकून पुण्यास पेशव्यांच्या दरबारी, अशी ही मांडणी होती. त्यामुळे पत्रे लिहिणे हा या कुटुंबाचा शिष्टाचार नव्हता, ती निकड होती.

ती निकड किती खरी होती हे लवकरच दिसून आले. थोरले माधवराव पेशवे व त्यांचे चुलते रघुनाथराव यांच्या बेबनावात १७६२–६३ मध्ये दादांचा रोख पटवर्धनांवर वळला व मिरज त्यांच्या हातून गेले. गोपाळराव निजामाच्या पक्षास मिळाले आणि ऑगस्ट १७६३ च्या राक्षसभुवनच्या लढाईपूर्वी पुन्हा पेशव्यांकडे आले. कोणता पक्ष वर आहे, कोणाचे कोणाशी बोलणे चालू आहे, लष्कर कोठून निघाले, हे चार दिवस आधी कळणे वा न कळणे यावर घराण्याचे सरंजाम अवलंबून होते. अशा घराण्याने कागद जपून ठेवावेत यात नवल नाही.

हे कागद प्रकाशात आणण्याचे श्रेय वासुदेव वामन खरे यांचे. मूळ गुहागरचे हे संस्कृतज्ञ शिक्षक मिरज हायस्कुलात अध्यापन करीत. नाटककार व कवी म्हणूनही त्यांचे नाव होते. नाना फडणविसांचे त्यांनी लिहिलेले चरित्र १८९२ मध्ये प्रसिद्ध झाले. शाळेची नोकरी सांभाळून त्यांनी पटवर्धनी कागदांचे वाचन, निवड व नकला केल्या आणि १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' या नावाने ते छापण्यास आरंभ केला. १९२४ मध्ये मिरजेतच त्यांचे निधन झाले, तोवर बारा भाग निघाले होते. पुढचे काम त्यांचे चिरंजीव यशवंत वासुदेव खरे यांनी केले. याच सुमारास वाई येथे हाती आलेल्या पत्रांतून वि. का. राजवाडे यांचा 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये सिद्ध झाला, तर साताऱ्यास द. ब. पारसनीस जुने कागद व चित्रे जमवीत होते. मराठी इतिहाससंशोधनाचा पाया कृष्णाकाठच्या तीन गावांत जवळजवळ एकाच वेळी घातला गेला, आणि तिघांपैकी कोणाच्याही पाठीशी विद्यापीठ नव्हते, हे आजच्या महाविद्यालयीन अध्यापकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पत्राची घडण

या पत्रांचा साचा ठरलेला आहे. वडिलांस लिहिताना साष्टांग नमस्कार व 'विज्ञापना', धाकट्यास लिहिताना 'आशीर्वाद'. नंतर अमुक तिथीपर्यंत येथील वर्तमान यथास्थित असल्याचे एक वाक्य. मग आपले पत्र पावल्याची पोच. आणि मग मजकूर. शेवटी 'बहुत काय लिहिणे'. या चौकटीकडे नुसती औपचारिकता म्हणून पाहिले जाते, परंतु बातमीच्या दृष्टीने तिचा प्रत्येक भाग कामाचा आहे. 'यथास्थित' हे वाक्य ज्या तिथीचे, त्या तिथीपर्यंत लिहिणाराकडे काही विपरीत घडले नव्हते एवढे निश्चित होते. पोचेच्या वाक्यातून मधले एखादे पत्र गहाळ झाले की नाही ते कळते. मजकुरात एकेका विषयाला एकेक कलम; लष्कराचा मुक्काम, गनिमाची हालचाल, दरबारातील बोलणी, नाणेटंचाई, धारण, पाऊस, आणि मध्येच कोणाचे लग्न वा आजारपण. राजकारण आणि घरगुती मजकूर यांत येथे रेघ नाही, कारण ज्यांचे राजकारण तेच घरचे.

याशिवाय 'पुरवणी' असे. मुख्य पत्र दरबारात वाचून दाखविण्याजोगे आणि पुरवणी खासगीत वाचण्याची, असा भेद पुष्कळदा दिसतो. त्याहून नाजूक मजकूर कागदावर येतच नसे. पत्र घेऊन जाणारा तोंडी सांगेल, असे लिहून लेखक थांबतो. म्हणजे पत्र हे संपूर्ण बातमीपत्र नव्हते. ती बातमीची लेखी बाजू होती. दुसरी बाजू जासुदाच्या तोंडी होती व ती त्याच्याबरोबर गेली. पत्रात एखाद्या मोठ्या घटनेविषयी चकार शब्द नसला तर लेखकाला ती ठाऊक नव्हती असे अनुमान काढणे म्हणूनच धोक्याचे आहे.

ने-आण करणारे जासूद, हरकारे व काशीद पायी धावत. घाईच्या कामाला सांडणीस्वार असे. जासूद बहुधा जोडीने पाठवीत. एक अडला तर दुसरा पोहोचावा, हा त्यातील हेतू उघड आहे. मोहीम चालू असताना लष्करापासून ठाण्यापर्यंत टप्प्याटप्प्यावर माणसे बसवीत, त्याला 'डाक बसविणे' म्हणत. पण मोहीम संपली की डाकही उठे. ठरलेल्या वारी निघणारे टपाल येथे नव्हते. व्हेनिसचा लेखक शनिवार आला म्हणून लिहीत असेल. पुण्याचा वकील लिहिण्यासारखे घडले म्हणून किंवा धन्याने विचारले म्हणून लिहीत असे.

पत्राच्या पाठीवर किंवा माथ्यावर आणखी एक बारीक नोंद आढळते. 'पौ' या संक्षेपाने आरंभ होणारी ही नोंद पत्र पावल्याची मिती सांगते. लिहिल्याची मिती आत आणि पावल्याची बाहेर, अशा दोन मित्या हाती आल्या की बातमीला लागलेला वेळ मोजता येतो. अर्थात दोन्ही मित्या मुसलमानी महिन्याच्या चंद्राने व सुहूर सनाने दिलेल्या असल्यामुळे जंत्री हाताशी घेऊन बसावे लागते. खटाटोप कंटाळवाणा आहे, पण पावसाळ्यात कृष्णा, वारणा, तुंगभद्रा या नद्यांना पूर आला असता राजकारण किती मंदावे, हे अशा मोजणीखेरीज नेमके सांगता येणार नाही.

पक्के वर्तमान आणि आवई

बातमी पोहोचणे हा प्रश्नाचा अर्धा भाग झाला. तिच्यावर किती विश्वास ठेवायचा, हा दुसरा. या बाबतीत पत्रलेखक मोठे सावध होते आणि त्यांच्याजवळ त्यासाठी शब्दांची एक पायरीच होती. 'आवई' म्हणजे उठलेली अफवा. 'बोलवा' म्हणजे लोकांत चाललेली चर्चा. त्यानंतर अमुकाच्या पत्री आले असे सांगणे. त्यावर आपल्या माणसाने डोळ्यांनी पाहिल्याचा हवाला. आणि सर्वांत वर 'पक्के वर्तमान'. खरे-लटके अद्याप समजत नाही, शोध करून मागाहून लिहितो, असे सांगणारी पत्रेही आहेत. 'असे म्हणतात', 'असे समजते' अशा शब्दांनी वाक्य उघडण्याची रीत युरोपीय अव्विझीतही होती. परंतु तेथे लेखक अनाम असल्यामुळे बातमी खोटी ठरली तर फार तर त्या पत्राची पत जाई. येथे लेखक हा धन्याचा नोकर वा घरचा माणूस होता. खोटी बातमी पक्की म्हणून लिहिली तर जबाब त्यालाच द्यावा लागणार. म्हणून ही शब्दांची पायरी नुसती शैली नव्हती. लेखक त्यातून आपली जबाबदारी मोजून घेत होता. आधुनिक अभ्यासक एखादे विधान उचलताना त्यामागचे 'आवई' हे पद गाळून टाकतो, तेव्हा तो लेखकाने घेतलेली काळजी पुसून टाकीत असतो. अशी पदे गळालेली उद्धृते दुय्यम ग्रंथांतून दुर्मीळ नाहीत.

बातमीच्या अनिश्चिततेतून राज्यच संकटात येऊ शकते याचे उदाहरण तोतयाच्या प्रकरणात आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. या पराभवाची पहिली खबर नानासाहेब पेशव्यांना एका सावकारी पत्रातून लागली. सावकाराने ती मोती गळाल्याच्या, मोहरा हरपल्याच्या सांकेतिक भाषेत लिहिली होती, ही कथा सर्वश्रुत आहे. येथे लक्षात घेण्याचा मुद्दा असा की, सरकारी जासुदापेक्षा हुंडीचा व्यवहार करणाऱ्या पेढीची माणसे आधी पोहोचली. फुगरांनी बातम्या का जमविल्या आणि मराठी सावकारांनी त्या का पाठविल्या, यामागचे कारण एकच आहे. लढाई कोण हरले यावर उधारीचे भवितव्य ठरते. परंतु सांकेतिक पत्र कितीही बोलके असले तरी ते मृत्यूचा निर्णायक दाखला नव्हे. भाऊसाहेबांचा देह ओळखल्याचे व त्याचे दहन झाल्याचे वृत्त येऊनही संशय फिटला नाही. पार्वतीबाईंनी १७८३ मध्ये निधन होईपर्यंत वैधव्य स्वीकारले नाही.

या संशयाच्या जागेत सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण भाऊसाहेब म्हणून उभा राहिला. त्याला पकडून कैदेत ठेवले होते. १७७६ मध्ये रत्नागिरीहून तो सुटला आणि काही महिन्यांत कोकणातील किल्ले व माणसे त्याच्या बाजूस गेली. बारभाईंच्या कारभाराची पुरंदरावर इंग्रजांशी बोलणी झाली ती याच वर्षी, हे ध्यानात घेतले म्हणजे या बंडाचे गांभीर्य समजते. महादजी शिंदे व भिवराव पानसे यांनी त्याचा मोड केला, आंग्र्यांनी त्याला धरले आणि पुण्यात चौकशी होऊन डिसेंबर १७७६ मध्ये त्याला देहान्त शिक्षा झाली.

हे प्रकरण मराठ्यांच्या भोळेपणाचे द्योतक म्हणून सांगितले जाते. ते तितके खरे नाही. पोर्तुगालचा राजा सेबास्तियान ४ ऑगस्ट १५७८ रोजी मोरोक्कोतील रणांगणावर पडला व त्याच्या मृत्यूविषयीही असाच संशय राहिला. त्यानंतर एकामागून एक तोतये निघाले. त्यांतील सर्वांत गाजलेला तोतया, मार्को तुलिओ कातिझोने, १५९८ मध्ये उगवला तो व्हेनिसमध्ये, म्हणजे बातमीच्या बाजारपेठेत. १६०३ मध्ये स्पेनच्या सत्तेने त्याला फाशी दिले. बातमीपत्रांचा महापूर असलेल्या नगरातही वीस वर्षांपूर्वी मेलेला राजा जिवंत होऊ शकत होता. बातम्या पुष्कळ असणे व खात्री असणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

पटवर्धनांच्या घरावर तर याच वेळी निराळा प्रसंग गुदरला. जानेवारी १७७७ मध्ये सावशीच्या लढाईत हैदराच्या फौजेने कोन्हेरराव पटवर्धनांना ठार केले व पांडुरंगरावांना धरून नेले. ते त्याच वर्षी श्रीरंगपट्टणच्या कैदेत वारले. तोतयाच्या पारिपत्याची बातमी आणि घरच्या माणसाच्या कैदेची बातमी अशा दोन्ही एकाच मोसमात मिरजेस आल्या असणार. राजकीय इतिहासात पहिलीला प्रकरण मिळते व दुसरीला ओळ. मिरजेच्या वाड्यात हे प्रमाण नक्कीच उलटे असेल.

न पोहोचलेली पत्रे

बातमीचे सामर्थ्य ती पोहोचली नाही म्हणजे विशेष कळते. टिपूवरील तिसऱ्या युद्धात इंग्रज, निजाम व पेशवे एका बाजूस होते. परशुरामभाऊंनी सप्टेंबर १७९० पासून धारवाडला वेढा घातला होता. एप्रिल १७९१ मध्ये ते ठाणे हाती आले. ते आणि हरिपंत फडके श्रीरंगपट्टणकडे निघाले. इकडे लॉर्ड कॉर्नवॉलिस बंगळूर घेऊन मे महिन्यात श्रीरंगपट्टणच्या समोर येऊन ठाकला. लढाईत त्याची सरशी झाली, परंतु धान्य संपले, बैल मेले, तोफा ओढण्यास जनावर उरले नाही. अखेर वेढ्याच्या अवजड तोफा त्याने स्वतःच निकामी केल्या व माघार घेतली. परत फिरल्यावर लगेचच समोर घोडदळ दिसले. प्रथम ते शत्रूचे वाटले. जवळ आल्यावर ते मराठ्यांचे निघाले.

मराठी फौजा इतक्या जवळ आल्याचे कॉर्नवॉलिसला कळले नव्हते, कारण टिपूच्या स्वारांनी दोन्ही लष्करांमधील प्रत्येक वाट रोखून सर्व जासूद अडविले होते. मराठी लष्कराबरोबर भरपूर दाणागोटा व मोठा बाजार होता. उपाशी इंग्रज शिपायांनी तेथे मिळेल त्या भावाने धान्य घेतले आणि व्यापाऱ्यांनीही भाव सोडला नाही, अशी तक्रार इंग्रज लेखकांनी आवर्जून नोंदविली आहे. काही दिवस आधी एक पत्र पोहोचले असते तर तोफा राहिल्या असत्या व मोहीम कदाचित त्याच वर्षी आटोपली असती; प्रत्यक्षात ती १७९२ पर्यंत लांबली. टिपूने या प्रसंगी तोफांनी जे साधले नाही ते काशीद अडवून साधले. रणनीतीच्या इतिहासात तोफखाना व घोडदळ यांचे हिशेब असतात. अडविलेल्या पत्रांचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाही.

मिरजेत छपाई, बातमी मात्र हातचीच

आता छापखान्याचा प्रश्न. मराठ्यांनी बातम्या का छापल्या नाहीत, असे विचारले की मुद्रणाचे ज्ञान नव्हते, असे उत्तर सहज दिले जाते. मिरजेच्या बाबतीत तरी हे उत्तर टिकत नाही. नाना फडणविसांच्या प्रोत्साहनाने पुण्यात तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरून भगवद्गीता छापण्याचा उद्योग सुरू झाला होता. १७८६ पासून पुण्यास असलेला इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याच्या पदरच्या युरोपीय कारागिरांकडून तेथील एका तांबटाने कोरीव कामाची विद्या उचलली होती. पेशवाईतील उलथापालथीत हे काम पुण्यास तडीस गेले नाही. कारागीर मिरजेस आला आणि गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ मध्ये गीता छापून झाली. म्हणजे ज्या वाड्यात जासुदांची पत्रे येत होती, त्याच वाड्याच्या आश्रयाने ग्रंथमुद्रण झाले होते. तरीही बातमी छापावी असे कोणास सुचले नाही.

याचे कारण अज्ञानात नसून बातमीच्या स्वरूपात शोधावे लागते. अव्विझी ही विकण्याची वस्तू होती. जिच्या दहा प्रती विकल्या जातात तिच्या दोनशे विकाव्यात, असे एखाद्या कारोलुसला वाटणे स्वाभाविक होते. पटवर्धनांच्या वकिलाचे पत्र हे एका माणसाने एका माणसास लिहिलेले होते. त्याची किंमत त्याच्या एकमेवपणात होती. शेजारच्या सरदारास तीच बातमी त्याच दिवशी कळली तर तिचा उपयोग निम्मा संपला. गीता जितक्यांना मिळेल तितके पुण्य, आणि बातमी जितक्यांना मिळेल तितकी निरुपयोगी, असा हा परस्परविरुद्ध न्याय होता.

अनेक हातांनी नकला होऊन फिरणारी बातमी हिंदुस्थानात नव्हतीच असे मात्र नाही. मोगल दरबारातील वाकेनवीस रोजचा वृत्तान्त लिहीत. त्या फार्सी अखबारांच्या प्रती राजेरजवाड्यांचे वकील मिळवून आपापल्या धन्यांस पाठवीत. जयपूर दरबाराकडे आलेल्या अशा अखबारांचा मोठा संग्रह आहे व जदुनाथ सरकारांनी औरंगजेबाच्या इतिहासासाठी तो वापरला. पेशव्यांच्या दिल्लीतील हिंगणे वकिलांनाही हा व्यवहार परिचित होता. या अखबारांत युरोपीय बातमीपत्रासारखी तारीखवार, कोरडी, निनावी मांडणी आढळते. मराठी वकिलाने त्याचा उपयोग कच्चा माल म्हणून केला. धन्याला लिहिताना त्यावर स्वतःचा तर्क, सल्ला आणि कधी कधी स्वतःची भीतीही घातली. याच भरीमुळे मराठी पत्र वाचायला रसाळ झाले आहे व पुरावा म्हणून अवघड.

निवडीचा प्रश्न

खरे यांनी पत्रे कालानुक्रमे लावली आणि जागोजागी स्वतःचे निवेदन घालून त्यांची सलग कथा केली. दप्तरातील सर्व कागद छापणे एका शिक्षकाच्या साधनसामग्रीत अशक्यच होते. त्यांनी महत्त्वाची पत्रे निवडली, आणि महत्त्व ठरविले ते राजकीय इतिहासाच्या कसोटीवर. त्या कसोटीने त्यांची निवड अतिशय चोख आहे. परंतु बातमीचा व्यवहार समजून घ्यायचा तर नेमकी उलटी पत्रे लागतात. ज्यात काहीच घडले नाही असे लिहिले आहे ती. जी आधीच्या पत्राची पुनरुक्ती करतात ती. पुढे खोटी ठरलेली आवई सांगणारी. जासुदाला किती अजुरा दिला याचे चिटोरे. अशा कागदांना १८९७ मध्ये छापखान्याचा खर्च परवडला नसता, हे उघड आहे. व्हिएन्नातील फुगर-पत्रांचा आज नव्याने अभ्यास होऊ शकला, कारण तेथे बाडे निवड न होता जशीच्या तशी राहिली.

पटवर्धन घराण्याच्या पुढे शाखा झाल्या. चिंतामणराव सांगलीस गेले, १८२० मध्ये मिरजेच्याही थोरली व धाकटी अशा दोन पाती झाल्या, आणि १९४८ मध्ये ही संस्थाने मुंबई राज्यात विलीन झाली. प्रत्येक वाटणीत जमिनीबरोबर कागदही वाटले गेले. दक्षिण महाराष्ट्रातील जुन्या घरांत मोडी रुमाल अजूनही निघतात. ते बहुधा जमिनीच्या वादासाठी उघडले जातात, आणि त्यात 'उपयोगी' काही न आढळल्यास परत बांधले जातात किंवा रद्दीत जातात. मोडी वाचणारे थोडे आहेत. जे आहेत त्यांच्याकडे लोक इनामाची सनद घेऊन येतात, चुलत्याने पुतण्याला लिहिलेले पावसापाण्याचे पत्र घेऊन नव्हे. इतिहास व मराठी विभागांच्या विद्यार्थ्यांना मोडी शिकविताना सराव म्हणून अशीच पत्रे देता येतील. वाचनाबरोबर प्रत्येक पत्राच्या दोन मित्या, निघाल्याचे ठिकाण, आणणाऱ्याचा हुद्दा आणि बातमीस लावलेले 'आवई', 'बोलवा' किंवा 'पक्के' हे पद एवढी पाच खानी टिपून घेतली, तरी एका वर्षाच्या वर्गात खरे यांच्या मुद्रित भागांतूनच मिरज ते पुणे या वाटेवरील बातमीचा वेग मांडता येईल. त्यासाठी नवे दप्तर मिळण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. मुद्रित पत्रांत पावल्याच्या मित्या जेथे आल्या आहेत तेथून आरंभ करावा आणि जेथे त्या गळाल्या असतील तेथे मूळ कागदाची पाठ पाहावी.